घरी ठीक, पाण्याजवळ फुसफुस: टेक डाइव्हआधीच्या तपासणीतून निसटणारे दोष

लक्षण ओळखीचं आहे. टेक डाइव्ह म्हणजे थांबे घेतच वर यावं लागणारी खोल स्कूबा डाइव्ह. आदल्या दिवशी ट्विन-सेट (पाठीवरची दोन सिलिंडरची जोडी) जोडला, दोन्ही सेकंड स्टेजमधून (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) श्वास घेऊन पाहिला, दाबाचं गेज बघितलं, सगळं ठीक. पाण्यात उतरायच्या बेताला मात्र गळ्यातल्या सेकंड स्टेजमधून बारीक फुसफुस सुरू होते. पर्ज (गॅस मोकळा सोडायचं बटण) दाबलं की थांबते आणि पाचेक मिनिटांनी परत येते. मग कोणी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) बदलतं, कोणी होज (नळी) आवळतं, कोणी नॉब फिरवून आवाज बंद करतं. पुढच्या डाइव्हला तेच.

अशा बहुतेक प्रकरणांत तपासणी झालेली असते, पण चुकीच्या स्थितीत. अर्ध्या रिकाम्या सिलिंडरवर, दोन मिनिटांत, एकदोन हलके श्वास घेऊन. टेक सेटमधले निसटणारे दोष उघडे पडायला तीन गोष्टी लागतात: पूर्ण दाब, पुरेसा वेळ आणि जोरात वाहता गॅस. यातली एक जरी कमी पडली तरी दोष दडून राहतो.

थांबून परत येणारी फुसफुस

फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसणारा भाग, सिलिंडरमधला २०० बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार वर आणून ठेवते. हाच इंटरमीडिएट प्रेशर, बोलताना आयपी. लाइन (फर्स्ट आणि सेकंड स्टेजमधली नळी) भरली की आतली सीट (मऊ गादी) ऑरिफिसच्या (गॅस येण्याच्या छिद्राच्या) धारेवर बसते आणि गॅस बंद होतो. सीटवर खोल चरा पडला असेल, धारेला बारीक टवका गेला असेल किंवा मध्ये मिठाचा कण अडकला असेल, तर गॅस पूर्ण बंद होत नाही. थेंबाथेंबाने आत येत राहतो आणि आयपी चढत जातो. याला क्रीप म्हणतात. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह आपोआप किंचित उघडतो, कारण तो दाबाच्या दिशेनेच उघडणारा आहे आणि सुरक्षा झडपेचंही काम करतो. म्हणजे आवाज सेकंड स्टेजमधून येतो, पण दोष फर्स्ट स्टेजमध्ये असतो.

पर्ज दाबल्यावर लाइन रिकामी होते, आयपी खाली येतो आणि चढण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणूनच झटपट तपासणीत हा दोष कधीच सापडत नाही. श्वास घेत राहिलं तरी तो दिसत नाही, कारण प्रत्येक श्वासाला लाइन थोडी रिकामी होते. तोंडात असलेल्या रेग्युलेटरपेक्षा गळ्यातला आणि स्टेज सिलिंडरवरचा (बाजूला लटकवलेल्या जादा सिलिंडरवरचा) आधी बोलतो, तो यामुळे.

चाचणीसाठी विंगच्या (तरंगण्यासाठी हवा भरायच्या पिशवीच्या) इन्फ्लेटर होजला, म्हणजे ती फुगवणाऱ्या नळीला, लागणारं आयपी गेज घ्या. शक्यतो दाब सोडण्याचं बटण असलेलं.

१. सिलिंडर पूर्ण भरलेला असू द्या. १२० बार उरलेल्या सिलिंडरवरची चाचणी अर्धवट आहे.
२. व्हॉल्व्ह हळू उघडा. पर्ज चारपाच वेळा दाबून सोडा.
३. शेवटच्या पर्जनंतर काटा कुठे थांबला ते टिपा. आकडा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत हवा, शेजारच्याच्या रेग्युलेटरसारखा नव्हे.
४. हात न लावता किमान ५ मिनिटं थांबा. जमलं तर १५.
५. हीच चाचणी सिलिंडर ५० बारच्या आसपास असताना पुन्हा करा.

पहिल्या काही सेकंदांत काटा किंचित वर सरकून स्थिरावला तर चालतं. ५ मिनिटांत अर्धा बार चढला आणि चढतच राहिला तर सीट गेली. पाचव्या पायरीत अनबॅलन्स्ड पिस्टनच्या फर्स्ट स्टेजचा (सिलिंडरच्या दाबाबरोबर आयपी बदलणारी साधी रचना) आयपी कमी दिसणं ही त्या रचनेची गोष्ट आहे, बिघाड नाही. बॅलन्स्ड फर्स्ट स्टेजमध्ये मात्र दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

काटा स्थिर आहे आणि तरी फुसफुस येते, तर दोष सेकंड स्टेजमध्ये: लिव्हर उंच आहे, सीट झिजली आहे किंवा व्हेंचुरीचा (आतला गॅसचा झोत कमीजास्त करणारा) खटका उघड्या बाजूला राहिला आहे. खटका सगळ्यात आधी बघा, कारण त्याला सेकंदही लागत नाही. ट्विन-सेटमध्ये दोन्ही पोस्टवर (डाव्या आणि उजव्या व्हॉल्व्हवर) वेगळी फर्स्ट स्टेज असते, त्यामुळे कोणती सेकंड स्टेज फुसफुसते यावरून पोस्ट लगेच कळतो.

श्वासाचा नॉब आवळून आवाज बंद करणं हा यातला सगळ्यात वाईट उपाय. आवाज थांबतो, आयपी थांबत नाही. वाढलेला दाब मग दुसरी कमकुवत जागा शोधतो, आणि ती बहुतेकदा इन्फ्लेटरचा श्रेडर व्हॉल्व्ह (सायकलच्या ट्यूबमध्ये असते तशी छोटी झडप) असते. विंग आपोआप फुगायला लागते, आणि डेकोच्या थांब्यावर (वर येताना शरीरात विरघळलेला गॅस बाहेर पडू देण्यासाठीच्या) ते परवडत नाही.

जिथे सेकंड स्टेजच नाही तिथे हा दोष आणखी गंभीर. ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा पोशाख) फुगवायच्या छोट्या सिलिंडरवरच्या फर्स्ट स्टेजला दाब सोडायला जागा नसते. तिच्या लो-प्रेशर पोर्टवर ओव्हरप्रेशर व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) असलाच पाहिजे, नाहीतर क्रीपमध्ये होज फुटतो. होजमध्ये बंद करायची झडप बसवलेल्या स्टेज रेग्युलेटरलाही हेच लागू, कारण झडप बंद असताना सेकंड स्टेज सुरक्षा झडपेचं काम करूच शकत नाही.

सर्व्हिसनंतर हा त्रास काही डाइव्हमध्ये परत आला, तर दोन शक्यता. नवी सीट धारेवर बसताना थोडी दबते आणि आयपी बदलतो. तेवढंच असेल तर पुन्हा जुळवणी करून भागतं. पण सीट काढून बघितल्यावर गोल ठशात एका जागी खोल खूण दिसली, तर धारेलाच टवका आहे, आणि कितीही सीट बदलल्या तरी प्रत्येक सीट तिथेच कापली जाणार. सर्व्हिस करणाऱ्याला जुनी सीट मागून घ्या आणि भिंगाखाली बघा. सोबत फिल्टरही बघा: हिरवट झाला असेल तर खारं पाणी आत गेलंय, तांबूस असेल तर स्टीलच्या सिलिंडरमधला गंज आहे, काळपट असेल तर कंप्रेसरच्या फिल्टरमधली कार्बनची धूळ.

काटा दोनशेवर, पण खोलीवर गॅस अपुरा

हा आवाज न करणारा दोष आहे, म्हणून फुसफुशीपेक्षा धोकादायक. व्हॉल्व्ह पाव फेराच उघडा असेल तरी गेज पूर्ण दाब दाखवतं, कारण गॅस वाहत नसताना चिंचोळ्या फटीतूनही दाब सारखा होतो. पृष्ठभागावर श्वासही सहज मिळतो. ४५ मीटरवर भोवतालचा दाब ५.५ बार असतो. तिथला प्रत्येक श्वास त्याच फटीतून ५.५ पट गॅस मागतो आणि तो मिळत नाही.

जुनी सवय, पूर्ण उघडून पाव फेरा मागे, इथेच घात करते. कोणीतरी आधीच उघडलेल्या व्हॉल्व्हची दिशा मदतीला आलेला जोडीदार उलट समजला, तर तो पूर्ण बंद करून पाव फेरा उघडतो. आणि वर तपासणी ठीक दिसते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधली स्थिती ठेवायचीच नाही, हा नियम जास्त सुरक्षित आहे.

चाचणी: गेजवर नजर ठेवून चार खोल, जलद श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकून परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह पुरेसा उघडा नाही किंवा फिल्टर तुंबलाय.

इथे एक बारकावा हमखास सुटतो. नेहमीच्या मांडणीत गेज डाव्या पोस्टवर असतं आणि लांब होज उजव्या. तुम्ही लांब होजमधून श्वास घेत डाव्या पोस्टचा काटा बघत असाल, तर उजव्या व्हॉल्व्हची काहीच परीक्षा होत नाही. काट्याची चाचणी गळ्यातल्या सेकंड स्टेजवरून करा. उजव्या बाजूसाठी लांब होजचं पर्ज ३-४ सेकंद पूर्ण दाबून ठेवा आणि आवाज ऐका. सुरुवातीला जोर आणि मग उतरता आवाज म्हणजे व्हॉल्व्ह अडलाय. आयपी गेज जोडलेलं असेल तर आणखी स्वच्छ दिसतं: पूर्ण पर्जला एकदोन बार उतरणं नेहमीचं, काटा कोसळणं नाही.

आयसोलेटर

मॅनिफोल्डचा (दोन्ही सिलिंडर जोडणाऱ्या आडव्या नळीचा) मधला नॉब म्हणजे आयसोलेटर. तो बंद राहिला तर दोन्ही सिलिंडर वेगळे होतात. श्वास उजव्यातून चालू, गेज डाव्यावर. काटा जागचा हलत नाही आणि डायव्हरला वाटतं आज गॅस छान पुरतोय. उजवा संपतो तेव्हाच कळतं. डाइव्ह सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काटा अपेक्षेप्रमाणे उतरला नाही तर आनंद मानू नका, हात मागे नेऊन आयसोलेटर तपासा.

जमिनीवर गॅस सोडून हे तपासणं व्यवहार्य नाही. १२ लिटरच्या जोडीत १० बारचा फरक दिसायला २४० लिटर गॅस जातो. त्यामुळे तपासणी हातानेच: नॉब पूर्ण बंद करा, मग फेरे मोजत पूर्ण उघडा. दर वेळी तेवढेच फेरे आले पाहिजेत.

उघडताना कान द्या. आतून सूं असा आवाज आला तर दोन्ही सिलिंडरचे दाब वेगळे होते, म्हणजे भरताना आयसोलेटर बंद होता. मग प्रश्न फक्त दाबाचा राहत नाही. एका बाजूला नवा गॅस आणि दुसऱ्या बाजूला मागच्या डाइव्हचा उरलेला असू शकतो. आयसोलेटर पुन्हा बंद करून दोन्ही पोस्टवर वेगळं विश्लेषण करा. आधीच उघडून झालं असेल तर गॅस मिसळायला वेळ द्या आणि तरीही दोन्ही बाजू तपासा.

डावा नॉब छताला किंवा दोरीला घासून पुढे सरकताना बंद होतो, उजवा त्याच हालचालीत उघडतो. म्हणून जहाजाच्या सांगाड्यात किंवा गुहेत डाव्या नॉबला अधूनमधून हात लावायचा. आणि सेट पाठीवर चढवल्यावर, गाडीतून किंवा बोटीवरून हलवल्यावर तिन्ही नॉब पुन्हा: उजवा, मधला, डावा. आधी तपासले होते हे उत्तर इथे चालत नाही.

गळती शोधायची सोपी आणि कठोर चाचणी

व्हॉल्व्ह उघडून लाइन भरा, आकडा टिपा, व्हॉल्व्ह बंद करा, ५ मिनिटं थांबा. एवढंच. पण ही चाचणी किती तीक्ष्ण आहे ते हिशेबाने बघा. मिनिटाला १०० मिलीलीटरची गळती धरा, ५ मिनिटांत अर्धा लिटर. व्हॉल्व्ह उघडा असताना २४ लिटरच्या जोडीत दाब फक्त ०.०२ बार उतरतो, कोणत्याही गेजवर तो दिसणार नाही. व्हॉल्व्ह बंद असताना गेज, त्याचा होज आणि फर्स्ट स्टेजची उच्च दाबाची पोकळी मिळून १० मिलीलीटरसुद्धा जागा नसते. तिथे तीच गळती काटा ५० बार किंवा जास्त खाली आणते.

काटा उतरला तर इन्फ्लेटर काढून पुन्हा करा, मग ड्रायसूटचा होज काढून. उरलेल्या भागावर साबणाचं पाणी फवारा आणि बुडबुड्याची जागा नीट ओळखा:

- गेजच्या फिरत्या सांध्यातून: आतल्या छोट्या स्पूलच्या ओ-रिंग. तिथल्या तिथे बदलता येतात.
- फर्स्ट स्टेज आणि व्हॉल्व्हच्या मधून: डिनची (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणाऱ्या जोडणीची) ओ-रिंग, नाहीतर व्हॉल्व्हच्या बैठकीवरचा ओरखडा. ओ-रिंग ९० ड्युरोमीटरची (रबराच्या कडकपणाचं माप), म्हणजे उच्च दाबाची असावी. मऊ ओ-रिंग दाबाने बाहेर ढकलली जाते.
- होजच्या क्रिंपमधून (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्यातून) किंवा वेणीतून: होज टाकून द्या. वेणीच्या काही होजमध्ये आतला प्लास्टिकचा थर जुना झाला की स्फटिकासारखे कण तयार होऊन सेकंड स्टेजकडे जाणारी वाट अडवतात, तेव्हा वय झालेल्या होजला संधी देऊ नये.
- फर्स्ट स्टेजच्या पाणी शिरणाऱ्या छिद्रांतून: आतली सील गेली, सर्व्हिस.
- नॉबच्या दांड्यातून: व्हॉल्व्हचं पॅकिंग.
- मॅनिफोल्डच्या आडव्या नळीच्या टोकातून: सेट पूर्ण रिकामा करून उतरवल्याशिवाय दुरुस्ती नाही.

दाब असताना कुठलाही सांधा आवळू नका. गळती तात्पुरती थांबते आणि चिरलेली ओ-रिंग तशीच राहते.

चाचणी संपली की पर्ज दाबून लाइन रिकामी करा आणि काटा शून्यावर येतो का बघा. १५ बारवर अडला तर तो आकडा प्रत्येक वाचनात भरीला धरला जातोय आणि तुमचा राखीव गॅस तेवढ्याने कमी आहे. नंतर, व्हॉल्व्ह बंदच ठेवून, सेकंड स्टेज तोंडात धरून हवा ओढा. काहीच आत यायला नको. हवा आली तर डायफ्रॅम, फाटलेला माउथपीस किंवा वाळूच्या कणाने उघडी राहिलेली एक्झॉस्टची रबरी झडप. जमिनीवर हवा येते तिथून पाण्यात पाणी येतं.

डेको सिलिंडरसाठी (थांब्यांवर श्वासाला वापरायच्या गॅसचे) ही चाचणी विशेष महत्त्वाची. ते लाइन भरून व्हॉल्व्ह बंद करून नेले जातात. सूक्ष्म गळतीने लाइनचा दाब गेला की खोलीवर पाणी आत शिरतं, आणि गॅस बदलायच्या वेळी रेग्युलेटर ओला मिळतो.

विंग आणि ड्रायसूट

विंग ओव्हरप्रेशर व्हॉल्व्ह सुटेपर्यंत फुगवा आणि १० मिनिटं ठेवा. मऊ पडली तर डंप व्हॉल्व्हची (हवा सोडायच्या झडपेची) सील, एल्बो (होजचा वाकडा जोड) आणि ब्लॅडर (आतली पिशवी) याच क्रमाने बघा. उलट चाचणी बहुतेक जण विसरतात: विंग पूर्ण रिकामी करून दाबाचा होज जोडा आणि ५ मिनिटं हात लावू नका. ती स्वतःहून फुगू लागली तर श्रेडर गळतोय किंवा आयपी चढलाय. बटण दाबून सोडल्यावर हवा तत्क्षणी थांबली पाहिजे. मिठाने चिकटणारं बटण गरम पाण्यात भिजवून एकदा सुटतं. पुन्हा चिकटलं तर इन्फ्लेटर उघडावाच लागतो. भरल्या दाबाखाली होज एका हाताने काढता येतो का हेही हातमोजे घालून बघा.

गॅसचं विश्लेषण चुकीचं येतं तेव्हा

ऑक्सिजनचा आकडा दर वेळी एकदोन टक्क्यांनी वेगळा येत असेल तर सेन्सरला दोष देण्याआधी प्रवाह बघा. स्थिर हवेत २०.९ टक्क्यांवर (हवेतला ऑक्सिजन) जुळवलं आणि मग सिलिंडरमधून जोरात गॅस सोडला, तर सेन्सरवर दाब पडून आकडा वर जातो. जुळवणीसुद्धा सिलिंडरमधल्या हवेवर, त्याच मिनिटाला १ ते २ लिटरच्या प्रवाहाने करा आणि आकडा थांबेपर्यंत वाट बघा. नुकताच भरलेला गरम सिलिंडर फसवतो: ४५ अंशांवर २३० बार दाखवणारा सिलिंडर २५ अंशांवर सुमारे २१५ बार उरतो. योजना थंड आकड्यावर करा.

सिलिंडरवरची पट्टी विश्लेषणानंतर लगेच, डायव्हरने स्वतः लावायची: मिश्रण, कमाल खोली, तारीख. खोलीचा आकडा मोठा आणि जोडीदाराला बाजूने वाचता येईल असा. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटर, ५० टक्के २१ मीटर. ऑक्सिजनचा सिलिंडर २१ मीटरवर तोंडात गेला तर ऑक्सिजनचा आंशिक दाब (श्वासाच्या गॅसमधला त्याच्या वाट्याचा दाब) ३.१ बार होतो, आणि तिथे झटका यायला फार वेळ लागत नाही. मग मनगटावरच्या डाइव्ह संगणकातली गॅसची यादी पट्टीशी ताडून बघा. मागच्या डाइव्हचा चालू राहिलेला गॅस हा वारंवार सापडणारा दोष आहे. ऑक्सिजनचे व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडा, झटक्याने दाबला गेलेला वायू तापतो आणि आतल्या तेलकट कणाला आग लागू शकते.

रिब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं यंत्र) वापरणाऱ्यांसाठी एकच मुद्दा, कारण बाकीचं त्या यंत्राच्या यादीत आहे. सेल (ऑक्सिजनचा सेन्सर) हवेत बरोबर दाखवतो म्हणून तो १.३ बार आंशिक दाबावरही बरोबर दाखवेल असं नाही. एका वातावरणाच्या ऑक्सिजनमध्ये मिलीव्होल्ट हवेतल्या आकड्याच्या सुमारे ४.८ पट यायला हवेत, आणि खरी परीक्षा ६ मीटरवर ऑक्सिजन फ्लश करून: जो सेल १.६ च्या जवळ पोचत नाही तो मर्यादेत अडकलाय. पाच मिनिटांच्या प्री-ब्रीदवर (डाइव्हआधी यंत्रातून श्वास घेऊन पाहण्यावर) स्क्रबरसाठी (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्यासाठी) भरवसा ठेवू नका, वाढता कार्बन डायऑक्साइड प्रत्येकाला जाणवतोच असं नाही.

पाण्यात

३ ते ६ मीटरवर थांबून जोडीदाराने मागून एक पूर्ण फेरी मारायची: मॅनिफोल्ड, दोन्ही फर्स्ट स्टेज, गेजचा सांधा, इन्फ्लेटर, प्रत्येक स्टेज सिलिंडर. प्रकाश तिरका टाकला तर बारीक बुडबुडे जास्त दिसतात. प्रत्येक सेकंड स्टेजमधून पाण्याखाली दोन श्वास.

इथे गळती दिसली तर निर्णय जागेवरून ठरतो. गेजच्या सांध्यातली गळती वर येऊन ओ-रिंग बदलून सोडवता येते. त्या होजच्या तोंडाशी अगदी बारीक छिद्र असल्यामुळे तो फुटला तरी गॅस तुलनेने हळू जातो. लो-प्रेशर होज फुटला तर सिलिंडर कितीतरी वेगाने रिकामा होतो, म्हणून त्याच्या क्रिंपमधला एक बुडबुडासुद्धा डाइव्ह थांबवायला पुरेसा. फर्स्ट स्टेजच्या आतून येणारी गळती, चढणारा आयपी, बंद राहिलेला आयसोलेटर उघडताना आलेला आवाज: यातलं काहीही असेल तर त्या सेटने त्या दिवशी खाली जायचं नाही. सोबतच्या डब्यात डिनच्या आणि गेजच्या ओ-रिंग, एक लो-प्रेशर होज, एक माउथपीस आणि आयपी गेज ठेवा. सुटी सीट ठेवू नका, कारण ती असली की कोणीतरी बोटीवर फर्स्ट स्टेज उघडतं.